मोड, लॅपटॉप आणि बोडीटोल्याची यादी

भंडाऱ्यात पितळेची भांडी घ्यायला जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही. बूड गेलेली गुंडी, चेपलेला गंज, कान तुटलेली परात, असं काहीतरी पिशवीत असतंच. त्याला मोड म्हणतात. दुकानदार मोड तोलतो, तिची किंमत नव्या भांड्यातून वजा करतो आणि गिऱ्हाईक आपण लुटलो गेल्याचं रस्ताभर सांगत खुशीत घरी जातं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. म्हणून मी बसस्टँडजवळ ‘जुना कंप्युटर द्या, लॅपटॉप न्या’ अशी पाटी लावली, तेव्हा लोकांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना वाटलं, कंप्युटरचीसुद्धा मोड होते आणि ती तोलून घेतात.

या एका समजुतीनं माझी निम्मी हयात खाल्ली. पहिल्याच महिन्यात अड्याळचे एक गृहस्थ कंप्युटरचा जुना डबा घेऊन आले. खांद्यावरून उतरवताना त्यांना धाप लागली. मी झाकण उघडलं तर आत पंख्याच्या बाजूला एक अख्खी वीट, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. मी विटेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

“हे काय जी?”

“आतूनच आली असन,” ते म्हणाले. “कंपनीची.”

मी वीट परत दिली. त्यांनी ती पिशवीत घालून नेली, टाकली नाही.

आता धंदा काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मोठ्या शहरांतल्या कंपन्या दोन-तीन वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात. ते नागपूरच्या व्यापाऱ्याकडून माझ्याकडे येतात. मी बिजागरी पाहतो, बॅटरी किती वेळ तग धरते ते पाहतो, पडद्यावर रेघा आहेत का, कळा घासल्यात का ते पाहतो, पुसून चकचकीत करतो आणि विकतो. बदल्यात गिऱ्हाईक घरचं जुनं आणतं. त्यातली मेमरी, डिस्क, चालू असला तर पॉवर सप्लाय एवढंच माझ्या कामाचं. बाकी भंगारवाल्याचं. टीव्हीसारखा पोट सुटलेला जुना मॉनिटर सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाचा, हे मी आजवर एकाही माणसाला पटवू शकलेलो नाही.

“येवढा वजनदार आहे आन्‌ तुमी काहीच नाई म्हंता?” असं विचारून लोक माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात.

लोक काय काय आणतात! एका गुरुजींनी कंप्युटरसोबत मिक्सर, दोन सेट-टॉप बॉक्स आणि घरातल्या तीन पिढ्यांचे मोबाईल आणले आणि म्हणाले, “सगळं मिळून एक लॅपटॉप, वरून बॅग फ्री.” एका ऑफिसातून कंप्युटर आला, त्याच्या कीबोर्डवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. त्यावर ज्या साहेबांनी आठ वर्षं काम केलं ते कंप्युटर साक्षर म्हणून सत्कार घेऊन निवृत्त झाले होते. एका पुढाऱ्यानं ‘महत्त्वाचे’ नावाचा फोल्डर हलवताना मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत. आत त्यांच्याच वाढदिवसाचे बॅनर होते, दरवर्षीचे, आणि दरवर्षी चेहरा आदल्या वर्षीपेक्षा गोरा होत गेलेला.

आणि प्रत्येकाचं एकच वाक्य, “काही नाई जी त्यात. उडवून टाका.”

सुरुवातीला मीही बाकीच्या दुकानदारांसारखा वरवर उडवायचो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यात खरं काही उडत नाही, नुसता पत्ता पुसला जातो. घर तसंच उभं असतं. खटपट्या माणसाला ते सापडतं. एकदा एका मुख्याध्यापकांची डिस्क मी अशीच पुसून दुसऱ्या मशीनमध्ये घातली. ते मशीन त्यांच्याच शाळेतल्या दहावीतल्या पोरीच्या घरी गेलं. पोरीच्या भावानं खटपट केली. मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या प्रेमकविता बाहेर आल्या, आणि त्या बायकोवर नव्हत्या हे गावानं एका दुपारीत ताडलं. मुख्याध्यापकांनी बदली मागून घेतली. जाताना दुकानात आले आणि पाटीकडे पाहत उभे राहिले.

त्या दिवसापासून मी नियम केला. डिस्क घेतली की तिच्या कानाकोपऱ्यावर शून्य लिहायचं. अख्ख्या डिस्कवर. सहा-सहा तास लागतात. त्याआधी गिऱ्हाइकासमोर डिस्क जोडायची, आत काय आहे ते दाखवायचं, दोनदा विचारायचं, आणि ‘यात कामाचं काही नाही’ अशा कागदावर सही घ्यायची. भंडाऱ्यात असं करणारा मी एकटा. याचा मला गर्व होता. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहूनही घेतलं होतं, ‘संपूर्ण कोरी करून मिळेल’.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यात बोडीटोल्याचा प्रवीण आला. बोडीटोला म्हणजे आसगावच्या पुढं, तलावाच्या पाराला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून असलेलं साठेक घरांचं गाव. प्रवीण नागपुरात नोकरीला. बापाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बाप आठवडाभर नागपुरात पोराकडे. तेवढ्यात घरातला जुना डबा हलवून तिथं लॅपटॉप ठेवायचा आणि बापाला चकित करायचं, असा त्याचा बेत. चांगला मुलगा. असल्या चांगल्या मुलांचीच मला आता भीती वाटते.

मशीन सुरू होत नव्हतं, पॉवर सप्लाय जळालेला. मी डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. आत एकच फोल्डर. फायलींना नावं म्हणजे नुसती सालं. एक उघडली. ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, मध्येच टिंबं, स्वल्पविराम, कंस. दुसरी उघडली. तेच.

“व्हायरस आहे,” मी म्हणालो. डॉक्टरनं मान हलवून निदान सांगावं एवढ्या रुबाबात म्हणालो. “सगळं खाऊन टाकलं त्यानं.”

“बाबा काहीतरी लिहीत बसत त्याच्यावर,” प्रवीण म्हणाला.

“आता काही वाचण्यासारखं राहिलं नाही. लॅपटॉपमध्ये टाकलं तर तोही खराब होईल. उडवू?”

नियमाप्रमाणे दोनदा विचारलं. त्यानं सही केली. मी सहा तास शून्य लिहिलं. डिस्क अशी धुतली की आरशासारखी झाली.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील आले. डोळ्यावर हिरवा चष्मा, हातात टॉवेलात बांधलेला लॅपटॉप. देवरामकाका. बोडीटोल्याच्या तलावाचे ते पाणकर. आमच्याकडे जुन्या मालगुजारी तलावांवर पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं हे ठरवणारा एक माणूस गाव नेमतं, तो पाणकर. पगार नाही, सुगीला प्रत्येकानं थोडा धान द्यायचा, तोही आठवला तर.

“भाऊ,” ते म्हणाले, “लॅपटॉप बेस आहे. आता त्या डब्ब्यातलं यात टाकून दे. पोरगा विसरला वाटते.”

धान एका कोठीतून दुसऱ्या कोठीत ओतावा इतक्या सहज म्हणाले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि तेच निदान पुन्हा ऐकवलं. व्हायरस. सगळी इंग्रजी गिचमिड.

“इंग्रजी?” त्यांनी चष्मा काढला. “मले तर इंग्रजी येतच नाई बाप्पा. कशी दिसत होती?”

“काहीच्या काही. अक्षराला अक्षर नाही.”

ते उठून माझ्या मशीनसमोर बसले. कीबोर्ड ओढून घेतला. पडद्याकडे पाहिलं नाही, पाहूनही त्यांना ती अक्षरं वाचता आली नसती. बोटं ठेवली आणि सावकाश एक एक कळ दाबू लागले. पडद्यावर आलं आय, के, टिंब, के, एच.

मी त्या पाच अक्षरांकडे पाहत राहिलो. हेच मी पाहिलं होतं. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत.

मग माझं लक्ष पडद्यावरून त्यांच्या बोटांवर गेलं. ती बोटं लिहीत होती, पाणी. जुन्या मराठी टाइपरायटरच्या कळा. आय दाबला की प, के दाबला की काना. तो फाँट मशीनमध्ये असला तर मराठी दिसतं, नसला तर खाली दडलेली इंग्रजी अक्षरं तेवढी दिसतात. युनिकोड आल्यावर सगळ्यांनी तो फाँट सोडला. मीही सोडला. पण त्याआधी नऊ वर्षं मी कचेरीसमोर टेबल टाकून त्याच फाँटमध्ये लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत होतो. माझं लग्न, माझं दुकान, सगळं त्या कळांवर उभं राहिलं. आणि ज्या दिवशी ती मराठी समोर आली, त्या दिवशी मी तिला व्हायरस म्हणालो.

“तुले कचेरीपुढं टायपिंग करताना पाह्यलं होतं मी,” देवरामकाका म्हणाले. “म्हनून तर बिनधास होतो. म्हटलं, या भाऊले समजन.”

मी विचारलं, त्यात होतं काय. आता विचारलं, डिस्क कोरी झाल्यावर.

त्यांनी सांगितलं ते असं. ज्या वर्षी पाऊस शेवटपर्यंत टिकतो, त्या वर्षी तलावाचं पाणी वाटावं लागत नाही. ज्या वर्षी भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान निसवायच्या, लोंबी धरायच्या वेळी पाऊस दगा देतो, त्या वर्षी पाळी लागते. पाणी संपेपर्यंत ज्यांच्या बांध्या राहून जातात, त्यांना पुढच्या पाळीत पहिला मान. आता मधली तीन वर्षं पाऊस चांगला झाला, पाळी लागलीच नाही. चार वर्षांपूर्वी कोण राहून गेलं, हे ज्याला त्याला आपापल्या सोयीनं आठवत होतं. देवरामकाकांच्या यादीत ते लिहिलेलं होतं. शेवटच्या अकरा बांध्या, नावासकट. दरवर्षी कागदही समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवलेला असायचा, पण निवडणुकीआधी भिंतीला चुना मारला गेला होता. वह्या उधईनं खाल्ल्या म्हणूनच त्यांनी कंप्युटर घेतला होता.

“औंदा पाऊस रुसला,” ते म्हणाले. “पाळी लागनार. अन्‌ त्या अकरात माह्या भावजयीची बांधी आहे. सुभद्राबाईची. यादी नाई तर लोक म्हंतीन, देवरामनं भावजयीसाठी यादी गायब केली.”

मी तीन दिवस खपलो. नागपूरला डिस्क घेऊन गेलो. तिथं हरवलेला डेटा काढून देणारा एक हुशार माणूस आहे. त्यानं डिस्क पाहिली आणि हसला.

“भाऊ, इतनी सफाई कोन करते? वरवर उडवलं असतं तर मी सगळं काढून दिलं असतं.”

म्हणजे मी बाकीच्यांसारखा आळशी, बेफिकीर दुकानदार असतो तर बोडीटोल्याची यादी वाचली असती. माझ्या सचोटीनं ती मेली. परत येताना बसमध्ये मला माझ्या पाटीवरची बारीक अक्षरं आठवत होती.

दसऱ्याआधी बोडीटोल्याच्या समाजमंदिरात सभा भरली. देवरामकाकांनी फोन केला. “तू येऊन येवढंच सांग बाबू, का यादी होती अन्‌ मी नाई उडवली. बाकी मी पाहून घेतो.” मी गेलो. जाताना बसमध्ये सगळं खरं बोलायचं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

आत गेलो तर पन्नास-साठ माणसं, त्यातले पाच-सात माझेच गिऱ्हाईक. बायका भिंतीकडे. सुभद्राबाई सगळ्यात मागं, पदर दातात धरून बसलेली, वयानं साठीची. वरच्या बांध्यांचा वासुदेव उठला. तलावाच्या अगदी तोंडाशी त्याची जमीन, आणि आवाज त्याहून मोठा.

“आमचा देवरामभाऊवर इश्वास नाई असं नाई,” तो म्हणाला. “पन यादी होती होती म्हंते, अन्‌ दाखवत नाई. कंप्युटरवाले भाऊ जानकार आहेत. त्याहीनंच सांगाव, त्या डब्ब्यात यादी होती का नव्हती?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो. आणि मला दिसलं ते एवढंच, की मी आता जर म्हणालो, यादी होती, मराठीत होती, मी पाहिली आणि ओळखली नाही, तर हे पाच-सात जण उद्या आसगाव, अड्याळ, पवनी करत सांगतील की ज्याला मराठी आणि व्हायरस वेगळा कळत नाही त्या माणसाकडे कंप्युटर नेऊ नका. दिवाळी तोंडावर. नवा माल भरलेला. इतकी वर्षं मी लोकांच्या अडाणीपणावर हसून खाल्लं होतं. आता हसायची पाळी त्यांची होती आणि मला ते सोसवेना.

“मले नक्की सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “फायली होत्या. पण वाचता येत नव्हत्या.”

एकही शब्द खोटा नव्हता. असली वाक्यं मी कचेरीसमोर नऊ वर्षं लोकांना लिहून देत होतो.

वासुदेव खाली बसला. देवरामकाका माझ्याकडे पाहत होते, हिरवा चष्मा काढलेला. मला वाटलं, ते आता सगळ्यांसमोर सांगतील की या माणसानं माझ्या बोटांवरून पाणी वाचलं. त्यांनी सांगितलं नाही.

“ठीक आहे जी,” ते म्हणाले. “भाऊ म्हंते तसंच.”

मग पाळी तोंडापासून, म्हणजे वरच्या बांध्यांपासून, लावायची ठरली. कोणी वासुदेवच्या भीतीनं हात वर केला, कोणी कंटाळून. देवरामकाकांनी तलावाच्या दाराची किल्ली तिथंच सतरंजीवर ठेवली आणि पायात चपला घातल्या.

बसच्या वाटेवर मी त्यांना गाठलं. म्हणालो, काका, तुमच्यासाठी दुसरा लॅपटॉप पाहतो, अजून चांगला.

“दुकानात तर वाचलं होतं तू,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच काही समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. “मंग इथंच काहून नाई वाचता आलं?”

बस आली. मी चढलो. ते पाराकडे चालत गेले.

पाणी सुभद्राबाईच्या बांधीपर्यंत पोचलं तेव्हा उशीर झाला होता. धान निसवलेला, पण लोंब्या पांढऱ्या पडलेल्या, दाबल्या तर आत दाणा नाही. हे मला प्रवीणनं फोनवर सांगितलं. तो अजूनही माझ्याशी नीट बोलतो, कारण सही त्यानं केली होती आणि सगळा दोष तो स्वतःकडेच घेतो. मी त्याला तसं घेऊ दिलं. वर्षभर.

माझी दिवाळी मात्र झकास झाली. माल संपला. दुकानात येणारे लोक मला विचारायचे, “त्या बोडीटोल्याच्या भानगडीत तुमचं बी नाव होतं म्हंते?” मी हात झटकायचो. “घरगुती मामला होय जी त्यांचा,” म्हणायचो. पलीकडचा माणूस डोळा मिचकावून म्हणायचा, “पानकरानंच गायब केली असन. भावजयीपायी.” आणि मी, काय सांगू, मीही हसायचो. त्या हसण्याची मला आज किळस येते.

यंदा या अंकाच्या संपादकांनी मला गळ घातली की दुकानातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना हलकंफुलकं हवं असतं. मी विटेपासून सुरुवातही केली. विटेवर हसायला सोपं होतं. पण हा अंक आमच्या भागात घरोघरी जातो, बोडीटोल्यातही चार-पाच घरी जातोच, आणि तिथल्या सभेत मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. म्हणून जे तिथं उभं राहून बोलायचं होतं ते इथं लिहितो. छापल्यावर उडवता येणार नाही, हेही बरंच आहे.

बोडीटोल्याच्या तलावाची यादी होती. सालवार होती, शुद्ध मराठीत होती, वाचण्याजोगी होती. मी ती उघडली, पाहिली आणि पुसली. देवरामकाकांनी तिच्यातलं एक अक्षरही हलवलेलं नाही, आणि प्रवीणनं माझ्या शब्दावर सही केली. शेवटच्या अकरा बांध्यांचा पहिला मान होता, सुभद्राबाईचाही होता. सभेत मला हे सगळं माहीत होतं.